दानम्माच्या चालत्या घागरी

दानम्माला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. तिची आई नागम्मा, जिला घरात सगळे अव्वा म्हणत, ती सांगायची की ही पोर पाळण्यातसुद्धा पाय झाडूनच झोपायची. लातूरला गोलाईच्या मागच्या बोळात त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, आणि घराला लागूनच वडिलांचा, शिवप्पांचा, मोटरीवर चालणारा तेलाचा घाणा. दिवसभर करडईचा वास आणि घाण्याची घरघर. वीज गेली की घरघर थांबायची आणि सगळ्या घराला जरा निवांत वाटायचं. दानम्माला मात्र तेव्हाच करमायचं नाही. ती उठून बोळात जाऊन यायची.

अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानाचं नाव चुकीचं छापून आलेली पावतीपुस्तकं माळ्यावर पडून होती. ती तिच्या हाती लागली तेव्हा ती चौथीत असेल. तिनं पावत्यांच्या कोपऱ्यात शेळी काढली. पुढच्या पावतीवर तीच शेळी, मान थोडी खाली. त्याच्या पुढच्या पावतीवर आणखी खाली. मग अंगठ्यानं पानं सोडली की शेळी खाली वाकून पाला खायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेतल्या एका मुलीच्या वहीत उडणारी चिमणी तिनं पाहिली होती, तेवढंच. भावंडांनी या पुस्तकांना 'फर्रा' नाव दिलं, आणि दानम्मा फर्रे करत सुटली. शेळी झाली, रहाटावरची बाई झाली, सायकलवरून पडणारे मास्तर झाले. त्या मास्तरांच्या फर्‍यापायी शाळेत छड्याही झाल्या.

"हिला चित्रकलेला घाला," असं शेवटी शाळा संपताना मुख्याध्यापकांनीच शिवप्पांना सांगितलं. "दुसऱ्या कशात लक्ष न्हाई तिचं. निदान ड्रॉइंगची मास्तरीण तरी होईल."

म्हणून ब्याऐंशी सालच्या जूनमध्ये ती नांदेडला चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला गेली. वजिराबादेत पार्वतम्मा नावाची मावशी होती, तिच्याकडे राहायचं ठरलं.

नांदेडला तिची पहिली लढाई एका माठाशी झाली. वर्गात रोज सकाळी स्थिरचित्राचा तास असायचा. टेबलावर माठ, त्याच्याखाली घडी पडलेलं कापड, बाजूला दोन वांगी. मुलांनी भोवती बसून तेच रंगवायचं. शिकवायला व्यंकटराव सर होते. शांत माणूस, हातमागाचा झब्बा घालायचा आणि वर्गात फिरताना चपलेचा आवाज होऊ द्यायचा नाही. आठवडाभर तोच माठ पाहून दानम्माचा जीव कातावला. तिनं कागदाच्या कडेला त्याच माठाची लहान लहान चित्रं काढली. एकात माठ कलला होता, एकात टेबलाच्या टोकाशी आला होता, एकात खाली उडी मारत होता.

सर मागं येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नाही.

"हे काय चाललंय?"

"सर, ह्यो माठ हलत न्हाई."

"हलू नये म्हणूनच ठेवलाय तो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिचा कागद उचलून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कडेची चित्रं चांगली आहेत. पण मधल्या माठाला वजन नाही. ज्याला वजन नाही त्यानं उडी मारली तरी कुणाला भीती वाटणार नाही. आधी तो टेबलावर नीट बसव."

तिला राग आला, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढचे काही आठवडे तिनं माठ बसवला. बसवता बसवता तिला घाम फुटायचा.

त्याच ऑगस्टात लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन स्वतःचा जिल्हा झालं. नांदेडच्या मेसमध्ये लातूरच्या पोरांनी पेढे वाटले. आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. मृगात थोडा शिडकावा झाला, पेरण्या झाल्या, आणि मग आभाळ नुसतंच येऊन जाऊन राहिलं. दिवाळीला दानम्मा घरी आली तेव्हा बोळातल्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत होतं. संक्रांतीनंतर तेही बंद होऊन टँकर सुरू झाला.

सिनेमाची गोष्ट तिला कळली ती नांदेडजवळच्या एका खेड्यात. कॉलेजची मुलं तिथं श्रमदानाला गेली होती. संध्याकाळी सरकारी प्रचाराची गाडी आली, देवळापुढं पडदा लागला आणि बचतीवर एक छोटं कार्टून दाखवलं. एक पैशांचा डबा टुणटुणत पळतो आणि लोक त्याच्यामागं पळतात, एवढंच. लोक हसले आणि मग मुख्य सिनेमाची वाट बघू लागले. दानम्मा मात्र उठून मशीनवाल्याकडे गेली.

"ते पळालं कसं, दाखवा की."

मशीनवाला पट्टी बदलत होता. त्यानं कंदिलापुढं फिल्म धरली. एकाखाली एक चौकोन, प्रत्येकात तोच डबा, जरा जरा सरकलेला.

"अव्वा गं," ती हळूच म्हणाली. "ह्यो तर फर्रा हाय."

"काय हाय?"

"काही न्हाई. काढलेली चित्रं हायत ना ही?"

"ही काढलेली. पण खरीखुरी वस्तू सरकवून पण करतात. एक फोटो घ्यायचा, वस्तू थोडी सरकवायची, परत फोटो. लई डोकं फिरतं म्हणे करणाऱ्याचं."

ती रात्र दानम्मानं कूस बदलत काढली. कागदावरची शेळी हलवता येते हे तिला ठाऊक होतं. पण खरी वस्तू हलवता येते, हात न लागल्यासारखी, हे ऐकल्यापासून तिला समोरची प्रत्येक गोष्ट, मावशीचा तांब्या, पोळपाट, गुरुद्वाऱ्याबाहेर ओळीनं काढून ठेवलेल्या चपला, कधीही चालू लागेल असं वाटू लागलं.

लातूरला लक्ष्मणराव नावाच्या गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. ते फोटोही काढत आणि पाट्याही रंगवत. त्यांच्या मेहुण्यानं आखातातून त्यांना एक लहान सिनेमाचा कॅमेरा आणून दिला होता. पैसेवाल्यांच्या लग्नात ते तो घेऊन फिरायचे. त्या वर्षी दुष्काळानं लग्नं साधी झाली होती, पुष्कळशी पुढं ढकलली होती, आणि कॅमेरा कपाटात पडून होता. दानम्मा उन्हाळ्याच्या सुट्टीला आली ती पेटी घरात टाकून थेट स्टुडिओत.

"काका, तुमच्या कॅमेऱ्याला एका वेळी एकच चित्र घ्यायचं बटण हाय का?"

लक्ष्मणरावांनी चष्मा वर केला. "हाय. आजवर वापरलं न्हाई कधी. कशाला पाहिजे?"

तिनं सांगितलं. त्यांना निम्मंच कळलं. पण नव्या जिल्ह्यानं त्यांची पाट्या रंगवून दमछाक झाली होती. जिकडं तिकडं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' करायचं होतं. शाळा, सोसायट्या, दवाखाने, सगळ्यांना एकदमच घाई. शिवाय स्टुडिओतला मागचा पडदा फाटला होता. ते म्हणाले, "पाट्या लिहू लाग, आन् नवा पडदा रंगवून दे. मग कॅमेरा घे. फिल्मची एक डबी शिल्लक हाय, ती पण घे. दुसरी मिळायची न्हाई."

पडद्यावर काय हवं विचारलं तर म्हणाले, "धबधबा काढ. सध्या लोक तेच मागतात."

तर सकाळी पाट्या, दुपारी धबधबा, आणि डोक्यात सतत तो सिनेमा. कशाचा करायचा हे मात्र ठरत नव्हतं. ते तिला टँकरच्या रांगेनं सांगितलं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून बाया पहाटेच आपापल्या घागरी, डबे, कळश्या ओळीनं ठेवून कामाला निघून जायच्या. भांडं रांगेत म्हणजे बाई रांगेत. दुपारच्या उन्हात बोळभर नुसती भांडीच उभी. कुणाचं तोंड वाकडं, कुणाच्या गळ्याला लाल दोरा, कुणी पोक आल्यासारखं. दानम्मा अव्वाची घागर ठेवायला गेली आणि तिथंच थबकली. ही सगळी कंटाळली असतील, असं तिला वाटलं. माणसं निघून गेलीत आणि वाट बघायचं काम यांच्या गळ्यात पडलंय. यांनी एकदा वैतागून चालायलाच लागावं आणि टँकर शोधत निघावं.

वरच्या पत्र्याच्या खोलीत तिनं पाटावर बोळ उभा केला. तळ्याच्या कोरड्या तळातली काळी माती चाळून आणली, भिजवली, आणि बोटभर उंचीची भांडी करू लागली. पण पत्र्याखालच्या उन्हात माती तासाभरात वाळायची. घागरीचा गळा वाकवायला जावं तर तो तुटायचा. म्हणून ती सारखं पाणी शिंपडायची. तांब्याभर, मग आणखी तांब्याभर.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अव्वा वर आली. तिनं पाट पाहिला, तांब्या पाहिला.

"कुठलं पाणी हे?"

दानम्मानं तांब्या मागं सारला.

"मी उन्हात चटके खाऊन पाणी आणून राहिले, आन् तू चिखल कालवून राहिलीस." नागम्माचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्तच लागला. "घोटभर पाण्यासाठी काल रांगेत दोघींच्या झिंज्या उपटल्या गेल्या. तुला दिसत न्हाई का?"

ती तांब्या उचलून खाली गेली. दानम्माला स्वतःच्याच हातांची लाज वाटली. त्या दिवशी तिनं सगळी भांडी मोडून कोपऱ्यात लोटली आणि दोन दिवस वर पाऊल टाकलं नाही. पाट्या रंगवताना अक्षरं वाकडी जाऊ लागली, तसं लक्ष्मणरावांनी तिला घरी पाठवलं. घरी करमेना, म्हणून ती घाण्यावर जाऊन बसली. शिवप्पा पिपाच्या तळाचा गाळ खरवडून काढत होते. काळपट, चिकट, हातापासून सुटता सुटेना असा. थोडा गाळ फरशीवरच्या धुळीत पडला होता. दानम्मानं सहज तो चिमटीत घेऊन मळला. धूळ त्यात मिसळली. गोळी झाली. तिनं गोळी दाबली, लांबवली, पुन्हा गोळा केली. संध्याकाळपर्यंत ती गोळी मऊच होती.

"अप्पा, हा गाळ मला देता?"

"ने की. गिळगिळीत घाण हाय ती. करतीस काय?"

गाळात चाळलेली माती, आणि घट्टपणासाठी वीज गेल्यावर लावायच्या मेणबत्त्यांची बुडखं वितळवून. थेंबभर पाणी नाही. खोलीत घाण्यासारखा वास भरला, तिचे कपडे, केस, वह्या सगळ्यांना तोच वास, पण घागरी वाळेनात. त्या वाकायच्या, मान वळवायच्या, पोट आत घ्यायच्या. आपण माठ बसवण्यात घालवलेले नांदेडचे आठवडे फुकट गेले नव्हते, हेही तिला तेव्हा कळलं. घागर उडी मारण्याआधी तिला आधी खाली दाबावी लागते, नाहीतर ती उडी वाटतच नाही.

मग काम सुरू झालं. दारं लावून, दोन बल्ब पेटवून, वैशाखाच्या दुपारी. घागर केसभर सरकवायची, हात काढायचा, बटण दाबायचं. परत सरकवायची. आयुष्यात कधी एका जागी न बसलेली पोरगी दिवसभर पाटासमोर उकिडवी बसू लागली. पण तिला स्वस्थता आली होती असं मात्र नाही. उलट आत नुसती खळबळ. घागर पुढं जायला एवढा वेळ लागतो आणि मन तर केव्हाच बोळाच्या टोकाला पोचलेलं. काही वेळा हात पुरता बाजूला होण्याआधीच ती बटण दाबून टाकायची. झालेलं पुसता येत नव्हतं, आणि किती वेळा झालं ते तिला कळतही नव्हतं.

मध्येच उदगीरची मंडळी तिला बघायला आली. मुलाचं नाव बसवंत. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागलेला. खालच्या खोलीत जागा पुरेना म्हणून नागम्मानं पाहुण्यांना वर बसवायचं ठरवलं, आणि दानम्मा स्टुडिओत असताना पाटावरची सगळी रांग टोपलीत भरून ठेवली. दानम्मा आली, तिनं पाट पाहिला. कोणती घागर कुठं होती, किती कलली होती, सगळं गेलं होतं. तिला चहाचा ट्रे घेऊन वर जायचं होतं. ती गेली. हातांना तेलाचा वास येत होता.

बसवंताच्या आईनं स्वयंपाकाचं विचारलं, नांदेडचं विचारलं. बसवंत मात्र टोपलीकडे बघत होता.

"हे तुम्ही केलं?"

"हाव."

"कशासाठी?"

तिला एवढा राग आलेला होता की तिनं सरळ सांगून टाकलं. "ह्या चालत होत्या. आता थांबल्या."

त्याला काही कळेना, तेव्हा तिनं कोनाड्यातला फर्रा काढून दिला, घागरींचाच, कच्चा काढलेला. त्यानं तो उलट्या बाजूनं सोडला. घागरी मागं मागं चालत घरात शिरल्या. तो मोठ्यानं हसला, मग आईकडे बघून गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "परत मांडा की. कुठं कोण होतं ते त्यांनाच कुठं आठवतंय?"

तिनं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी टोपली पाटावर उपडी करून, जशी पडली तशी भांडी उभी केली आणि तिथून पुढं चालू ठेवलं. उदगीरकरांचा होकार आला, पण नांदेडचं शिक्षण सोडायचं असा त्यांचा आग्रह होता. दानम्मा म्हणाली, "कोर्स झाल्यावर बघू." ते थांबले नाहीत. अप्पा तिला काही बोलले नाहीत, अव्वा महिनाभर बोलत राहिली. दानम्मालाही पुढं कधीतरी वाटायचं की माणूस बरा होता. पण त्या वेळी तिला फिल्मची डबी संपवायची होती.

डबी संपली. धुवायला मुंबईला पाठवली. आणि मग खरी परीक्षा सुरू झाली, कारण आता सरकवायलाही काही नव्हतं. कॉलेज उघडल्यावर ती नांदेडला गेली, पण दर शनिवारी एसटीनं लातूरला यायची, स्टुडिओच्या दारातूनच विचारायची, "आली का काका?" आणि नाही म्हटलं की रविवारी परत. पार्वतम्मा मावशी म्हणाली, "पोरी, दर आठवड्याला कुणाची वाट बघून येतीस, लोक काय समजतील?"

"काय समजायचं ते समजू दे, मावशी."

फिल्म जुलैच्या अखेरीला आली. लक्ष्मणरावांनी स्टुडिओत, धबधब्याच्या पडद्यावर पांढरी चादर टाकून ती लावली. दानम्मा भिंतीला टेकून उभी होती. पहिलीच गोष्ट दिसली ती अशी की सगळं चित्र लपलपत होतं. दुपारी विजेचा दाब खालीवर व्हायचा, तसा बोळ एकदा उजळायचा, एकदा काळा व्हायचा. शेवटचा तुकडा, ज्यात घागरी टँकरला गाठतात, तो जवळजवळ अंधारातच गेला होता. आणि मधेच, कुठंही, तिचा हात. क्षणभर आभाळातून उतरावा तसा भलामोठा हात दिसायचा आणि गायब व्हायचा.

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

लक्ष्मणराव मागून आले. "चाललं की ते," ते म्हणाले.

"हात दिसून राहिला, काका. शेवट तर दिसतच न्हाई."

"पण चाललं," ते पुन्हा म्हणाले.

जिल्ह्याला वर्ष झालं म्हणून ऑगस्टात एका शाळेच्या पटांगणात प्रदर्शन भरलं. लक्ष्मणरावांनी तिला न विचारताच तिथं फिल्म ठेवली. सुट्टीला घरी आलेल्या दानम्माला कळलं ते बोळातल्या बाया आवरून निघाल्यावर. ती चिडली, मग त्यांच्यामागोमाग गेली. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. भाषणं आटोपून कंटाळलेली माणसं आत येऊन बसली.

घागरी रांगेत उभ्या राहिल्या. एकीनं मान वळवली. लोक गप्प झाले. पोक आलेल्या डब्यानं हळूच पुढचीला ढकललं, आणि खसखस पिकली. पहिल्यांदा हात आला तेव्हा एक बाई म्हणाली, "बघा, आला साहेब रांग लावायला." मग प्रत्येक वेळी हात आला की सगळा वर्ग एका सुरात, "आला, आला." आणि सगळी भांडी एकदम जागा सोडून भलतीकडेच उगवली, ती टोपलीची जागा, तिथं तर माणसं मांड्या थोपटून हसली. हसणाऱ्यांत नागम्माही होती. दानम्मानं तिला असं हसताना त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

शेवटच्या अंधाऱ्या तुकड्यात हसू थांबलं. काहीतरी हलतंय एवढंच कळत होतं. "मिळालं का पाणी?" मागून कुणीतरी विचारलं. "दिसंना गेलं." पडदा पांढरा झाला तरी लोक उठेनात.

बोळाच्या तोंडाशी राहणारी कोंडाबाई दानम्माजवळ आली. ती बांधकामावर मजुरीला जायची. म्हणाली, "ती लाल दोऱ्याची घागर माझी हाय."

"हाव, तुमचीच बघून केली."

"लई पुढं गेली गं ती." कोंडाबाई पदरानं डोळे टिपत होती, हसूनच भरून आले असतील. "मी काल पण मागंच होते."

लोकांना आवडलं होतं, हे दानम्माला दिसत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं तो अंधारात गेलेला शेवटच फिरत होता, आणि तो परत करायला फिल्म नव्हती. लक्ष्मणरावांनी पुढच्याच वर्षी कॅमेरा विकला. कुणीतरी सरकारी साहेब 'बचतीवर एक करून द्याल का' म्हणून पत्ता लिहून घेऊन गेले, त्यांचं पुढं काही आलं नाही.

तिनं कोर्स पुरा केला. परीक्षेतल्या स्थिरचित्रात तिचा माठ असा बसला की व्यंकटराव सर म्हणाले, "आता हा हलला तर आवाज येईल." तिला देगलूरच्या एका शाळेत चित्रकलेची नोकरी लागली. तिथंच गुरुबसप्पा नावाच्या शिक्षकाशी लग्न झालं. माणूस दिवसच्या दिवस एका खुर्चीत वाचत बसणारा. दोघांचं कसं जमतं याचं लोकांना नवल वाटायचं. देगलूरच्या वर्गात कुणी घरी तेलुगू बोलणारं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. दानम्माबाई पहिल्याच तासाला जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कापून मुलांना फर्रे करायला लावत. त्याला भाषा लागत नाही, असं त्या म्हणत. इन्स्पेक्टरनं एकदा विचारलं, अभ्यासक्रमात हे कुठं आहे. त्यांनी फर्रा त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा सोडून पाहिला आणि पुढच्या वर्गावर गेला.

आता त्या निवृत्त आहेत. सुनेच्या मोबाईलमध्ये एकेक फोटो घेऊन सिनेमा करता येतो, हे कळल्यापासून स्वयंपाकघरातला कट्टा त्यांनी अडवलाय. माती आता हाताला सोसत नाही, म्हणून कणकेची माणसं करतात. मागच्या आठवड्यात निम्म्या सिनेमात मुंग्या लागल्या आणि त्यांनी एक सबंध कुटुंब खाऊन टाकलं. गुरुबसप्पा पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाले, "जरा दम धर, उद्या कर."

"उद्या कणीक आंबती," त्या म्हणाल्या, आणि परात घेऊन उठल्या.